थंडीत गॅस का रुसतो?

मनाली-लेहकडे हिवाळी ट्रेक ठरलाय? मग स्टोव्हच्या वजनाआधी गॅसच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. नुसता ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. त्याखाली त्याची पुरेशी वाफ होत नाही. आयसोब्युटेन साधारण उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. या दोघांचं मिश्रणच घ्या. गंमत म्हणजे वाफ होताना डबा स्वतःच गारठतो. आधी दव, मग पांढरा थर धरतो आणि ज्योत मिणमिणते. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घ्या, सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा.

कडाक्याच्या थंडीत माझं मत नळीने जोडलेल्या, डबा उलटा ठेवता येणाऱ्या स्टोव्हला. उलट्या डब्यातून येणाऱ्या द्रवरूप गॅसची बर्नरजवळच्या तापल्या नळीत वाफ होते. डब्यावर बसणारा स्टोव्ह हलका खरा, पण तो उलटा करायचा नाही, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून भोवती पत्रा तर अजिबात गुंडाळायचा नाही. डबा तापून फुटू शकतो.

पावसात स्टोव्हचा खटका दगा देतो (नेमका चहाच्या वेळी!), म्हणून लायटर प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा. बंद तंबूत स्टोव्ह नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिकडे पोचूनच घ्या.