डोंगराच्या दोन बाजूंनी: सामोस बेटावरचं पायथागोरिओ आणि तिथला बोगदा

लोकलच्या गर्दीत हेडफोन लावायला हात मोकळा नसतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे गाळलेत. सगळे नाही गाळता आले.

ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सँटोरिनीचे निळे घुमट येतात. मी आज सांगणार आहे सामोस बेटावरच्या पायथागोरिओबद्दल. हजार-बाराशे वस्तीचं बंदराचं गाव. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी आणि बाबा गेलो तेव्हा पर्यटकांची गर्दी ओसरली होती. धक्क्यावर होड्या, चार म्हातारे कॉफी घेऊन बसलेले, आणि समोर पाण्यापलीकडे तुर्कस्तानचे डोंगर. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद आहे तिथे दोन्ही देशांत दोन किलोमीटरही अंतर नाही.

या गावाचं जुनं नाव तिगानी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तळायचा तवा! १९५५ मध्ये नाव बदलून पायथागोरिओ केलं, कारण काटकोन त्रिकोणवाला पायथागोरस याच बेटावरचा. धक्क्याच्या टोकाला त्याचा पुतळा आहे, तोही त्रिकोणाच्या आकारात. गंमत अशी, की पायथागोरस इथे टिकला नाही. तेव्हाचा हुकूमशहा पॉलिक्रेटिस याला कंटाळून तो इटलीतल्या क्रोटोनला निघून गेला, असं परंपरा सांगते. म्हणजे सोडून गेलेल्याचं नाव गावाला, आणि बाहेरून येऊन गावाला पाणी देणाऱ्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. आजचा भाग त्या दुसऱ्या माणसाचा आहे. त्याचं नाव युपॅलिनोस, गाव मेगारा.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात इथे मोठं तटबंदीचं शहर होतं. प्रॉब्लेम एकच. पाण्याचा चांगला झरा डोंगराच्या पलीकडे, तटाच्या बाहेर. उघड्यावरून पाट आणला, तर वेढा घालणारा शत्रू पहिल्याच दिवशी तो फोडणार. मग पाणी आणायचं कुठून? डोंगराच्या पोटातून.

युपॅलिनोसने १०३६ मीटर लांबीचा बोगदा खणला, साधारण माणसाच्या उंचीचा. हातोडा आणि छिन्नीने, चुनखडीच्या दगडात. आणि काम एका बाजूने न करता दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सुरू केलं. वेळ अर्धा, पण धोका दुप्पट. होकायंत्र नाही, नकाशा नाही. दोन टोळ्या अंधारात एकमेकींकडे खणत निघाल्यात, आणि चुकामूक झाली तर एकाऐवजी दोन निरुपयोगी बोगदे!

दिशा कशी ठरवली असेल? अभ्यासकांमध्ये दोन मुख्य अंदाज आहेत. एक, डोंगरावरून खुंट्यांची सरळ रांग लावायची आणि तीच रेषा दोन्ही तोंडांशी खाली उतरवायची. दुसरा, डोंगराला वळसा घालत काटकोनात मोजमाप घ्यायचं आणि त्यावरून कोन काढायचा. ही दुसरी पद्धत अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने काही शतकांनंतर लिहून ठेवली आहे.

पण मला भारी वाटली ती पुढची गोष्ट. युपॅलिनोसने आपलं मोजमाप चुकणार, हे गृहीत धरलं होतं.

उत्तरेकडून खणताना वाटेत कच्चा खडक लागला. तिथे सरळ रेषा सोडून बोगदा बाजूने वळवला आणि हिशेबाने पुन्हा रेषेवर आणला. हिशेब कळावा म्हणून भिंतीवर ठरावीक अंतराने अक्षरांच्या खुणा केल्या होत्या. काही लाल रंगात आजही आहेत. मग भेट जवळ आल्यावर काय केलं? दोन सरळ रेषा जवळून समांतर गेल्या तर कधीच भेटणार नाहीत. म्हणून शेवटी दिशा अशी वळवली, की एक बोगदा दुसऱ्याच्या वाटेला आडवा यावा. उंचीतही तेच. उत्तरेकडच्यांनी छत वर घेतलं, दक्षिणेकडच्यांनी जमीन खाली घेतली, म्हणजे थोडं वरखाली झालं तरी भोक पडणारच. प्रत्यक्षात उंचीतली चूक फारच थोडी निघाली. तरीसुद्धा तजवीज केलेली होती.

आता बाबांबद्दल. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्य कालव्यांवर गेलं. बोगद्यात शिरताना हेल्मेट देतात, आणि सुरुवातीचा जिना इतका अरुंद आहे की खांदे तिरके करावे लागतात. मला वाटलं गुडघ्यांचं कारण सांगून बाबा बाहेर बसतील. ते माझ्या आधी उतरले. आत थंडगार, भिंतींना ओल. थोडं चालल्यावर थांबून म्हणाले,

“अरे, हा तर सपाट आहे. उतार कुठाय? पाणी काय धक्का मारून नेत होते का?”

मी माहितीपत्रक अख्खं वाचलं होतं, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. उत्तर पायाखालीच होतं. बोगद्याच्या कडेने एक खोल चर आहे, त्यावर आता जाळ्या टाकल्यात. मातीच्या भाजलेल्या नळ्या या चराच्या तळाशी होत्या. चर उत्तरेच्या टोकाला साधारण ४ मीटर खोल आहे आणि दक्षिणेला ८ मीटरच्याही वर जातो. उतार बोगद्याला नाही, चराला दिलाय.

बाबा खूश! म्हणाले, “हुशार माणूस. आधी सपाट खणून दोन टोकं जोडली, मग सावकाश उतार काढला. दोन कामं एकदम केली असती तर दोन्ही फसली असती.”

कोडिंग करणाऱ्यांनो, हे वाक्य मी ऑफिसच्या भिंतीवर लावणार आहे. कारण आमचंही असंच काम आहे आणि आमचं फसलं होतं. त्याच वर्षी आमची टीम आणि दुसऱ्या देशातली टीम एकाच सिस्टिमचे दोन भाग लिहीत होतो. आम्ही वेळ सेकंदांत पाठवत होतो, त्यांनी ती मिलिसेकंदांत धरली. दोन्हीकडच्या टेस्ट हिरव्यागार. जोडलं त्या रात्री सगळ्या ऑर्डर्सवर तारीख आली जानेवारी १९७०. रात्रभर जागून दुरुस्त केलं. मीटिंगमध्ये मी म्हणालो, “त्यांनी डॉक्युमेंट नीट वाचलं नाही.” खरी गोष्ट अशी, की डॉक्युमेंट मीच लिहिलं होतं आणि त्यात एकक लिहिलंच नव्हतं. ते मला मीटिंगच्या आधीच कळलं होतं.

बोगद्याच्या मध्यावर, जिथे मार्ग वाकडा होतो, तिथे मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “मग त्या पोरांना सांगितलंस का?”

नव्हतं सांगितलं.

बाहेर आल्यावर उन्हात डोळे दिपले. खाली सगळं बंदर दिसत होतं. त्या बंदराचा प्राचीन धक्का, हा बोगदा आणि ६ किलोमीटरवरचं हेराचं देऊळ, ही तीन कामं आहेत म्हणून आपण सामोसबद्दल इतकं लांबवून लिहिलं, असं हेरोडोटस म्हणतो. देवळाचा आता एकच खांब उभा आहे, तोही अर्धा. हेरोडोटस हेही सांगतो, की शहराच्या तटाभोवतीचा खंदक लेस्बोस बेटावरच्या कैद्यांनी साखळदंडात खणला. बोगदा खणणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

आणि पॉलिक्रेटिस? त्याचं नशीब फार जोरावर होतं. अति झालं म्हणून मित्राच्या सल्ल्याने त्याने लाडकी अंगठी समुद्रात टाकली, तर ती माशाच्या पोटातून परत आली. शकुंतलेची आठवण झाली ना? पण इथे शेवट गोड नाही. इसवी सनापूर्वी ५२२ च्या सुमारास पर्शियन सुभेदाराने त्याला बोलावून घेऊन ठार केलं. राजा नशिबावर विसंबला. युपॅलिनोस स्वतःच्या अचूकपणावरसुद्धा विसंबला नाही, आणि त्याचं पाणी हजारएक वर्षं वाहिलं.

जाणार असाल तर: अथेन्सहून सामोसला विमान आहे, विमानतळ गावाजवळच आहे. बोगद्याच्या वेळा आधी तपासा, आत जाताना जॅकेट न्या, बंद जागेची भीती असेल तर विचार करून उतरा.

त्या संध्याकाळी धक्क्यावर बसून मी त्या टीमला मेल लिहिला. चार ओळींचा. बाबांनी वाचायला मागितला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “एकक लिहिलंस ना या वेळी?”

भेटू पुढच्या भागात.