क्षणभंगुरांचे माप

फुग्यातल्या हेलियमचे अणुकेंद्र मोठे भक्कम. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, हिशेब चोख. दोन न्यूट्रॉन जादा आले की होतो हेलियम-६, चार आले की हेलियम-८. ही मंडळी अल्पायुषी. हेलियम-८ ची निम्मी अणुकेंद्रे सेकंदाच्या आठव्या हिश्श्यातच लयाला जातात. अशा पाहुण्याचे माप घ्यायचे कसे?

शास्त्रज्ञांनी लेसरने एकेक अणू पकडला आणि तो नेमक्या कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतो ते पाहिले. अणुकेंद्र बदलले की तो रंग किंचित सरकतो. त्यातला मोठा वाटा वजनाचा. तो गणिताने वजा केला की जी चिल्लर उरते, तीत आकार दडलेला असतो. बँकेत उमर घालवलेल्या मला ही वजाबाकी ओळखीची वाटते!

हेलियम-६ चे माप २००४ साली शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत निघाले, हेलियम-८ चे २००७ साली फ्रान्समध्ये. मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर एक भाग म्हणजे फेमटोमीटर. विद्युतभाराची त्रिज्या साध्या हेलियमची १.६८ फेमटोमीटर, हेलियम-६ ची सुमारे २.०६. आणि चार न्यूट्रॉन जादा असलेल्या हेलियम-८ ची? सुमारे १.९५, म्हणजे कमीच!

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून लेसरला तो थेट दिसत नाही. पण दोघे एका अंगाला राहिले की मधला गाभा डुलतो आणि त्याचा भार पसरतो. चौघे चहूकडे पांगले की गाभा बराचसा स्थिरावतो. न दिसणाऱ्यांचा ठावठिकाणा असा लागला.

मंगळसूत्रातले सोनेही अशाच, न्यूट्रॉनांनी ओथंबलेल्या क्षणजीवी अणुकेंद्रांतून घडले, असे शास्त्रज्ञ सांगतात.