१०४ सामने, वर्ल्डकप आणि किक-ऑफआधीची मळमळ : पेर मेर्टेसाकरने काय सांगितलं?

जर्मनीकडून १०४ आंतरराष्ट्रीय सामने, २०१४ चा वर्ल्डकप, आर्सेनलकडून तीन एफए कप. खात्यावर एवढी जमा असलेल्या डिफेंडर पेर मेर्टेसाकरने मार्च २०१८ मध्ये 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाला सांगितलं, की सामना सुरू व्हायच्या काही क्षण आधी त्याच्या पोटात ढवळायचं, उलटी होईल असं वाटायचं. कुणाला दिसू नये म्हणून तो तोंड बाजूला वळवायचा. सामन्याच्या दिवशी सकाळी जुलाबही व्हायचे. यावरून बराच गदारोळ झाला. नेमकं प्रकरण काय, ते पाहू.

कोण हा खेळाडू?

जन्म १९८४, हॅनोवरचा. उंची साधारण साडेसहा फूट. २००३ मध्ये हॅनोवर ९६ कडून बुंडेसलिगात आला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघात. नंतर वेर्डर ब्रेमेन आणि २०११ पासून आर्सेनल. पळण्यात वेग बेताचाच, पण चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून जागा धरण्यात पक्का. त्याच्या आत्मचरित्राचं नावच 'प्रतिभा नसलेला जगज्जेता' अशा अर्थाचं आहे.

दडपण कसलं?

स्ट्रायकरने चार संधी वाया घालवल्या आणि पाचव्या वेळी गोल मारला तरी तो हिरो. डिफेंडरचा हिशेब उलटा. ८९ मिनिटं चोख खेळला आणि एकदा चुकला, तर लोकांना तेवढंच आठवतं.

२००६ चा वर्ल्डकप जर्मनीतच होता. मेर्टेसाकर तेव्हा २१ वर्षांचा. सेमीफायनलमध्ये इटलीने ०-२ असं हरवलं आणि सगळा देश हळहळला. वाईट त्यालाही वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, अशी कबुली त्याने दिली. दुखापत झाली तरच हक्काची विश्रांती मिळायची, हेही त्याने सांगितलं.

म्हणून तो मैदानातून पळाला का? नाही. २०१४ मध्ये पहिले चार सामने खेळून तो संघाबाहेर बसला, फायनलला शेवटच्या क्षणी बदली म्हणून उतरला. २०१७ चा एफए कप फायनल तर गुडघ्याच्या दुखापतीनंतर त्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेला त्याचा पहिलाच सामना. आर्सेनलने चेल्सीला २-१ ने हरवलं.

टीका का झाली?

असं बोलणारा माणूस तरुण खेळाडू कसे घडवणार, असा सवाल माजी कर्णधार लोथार माथेउसने केला. कारण मेर्टेसाकर आर्सेनलच्या ॲकॅडमीचा प्रमुख होणार, हे तेव्हा ठरलेलं होतं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. हॅनोवरमधला त्याचा जुना सहकारी, गोलकीपर रॉबर्ट एन्के याला डिप्रेशनचा आजार होता. २००९ मध्ये त्याने आयुष्य संपवलं आणि जर्मन फुटबॉल हादरलं. मेर्टेसाकरने स्वतःबद्दल सांगितलं ते आजाराचं नव्हे, दडपणाचं. पण दोन्हींत लपवाछपवी सारखीच. ड्रेसिंग रूममध्ये असं बोलणं म्हणजे कमकुवतपणा, हा समज.

टीकेनंतरही क्लबने निर्णय फिरवला नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याने ॲकॅडमी हाती घेतली. पोरगं सामन्याच्या सकाळी 'पोट दुखतंय' म्हणालं तर ते नाटक समजू नये. १०४ सामने खेळलेल्या माणसाचंही दुखायचं.