'गोकसंग' : खरं वाटणं आणि ठाऊक असणं

आज एक कोरियन भयपट घेऊ. ना होंग-जिन यांचा २०१६ सालचा 'गोकसंग', इंग्रजीत 'द वेलिंग'. शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून घ्यावा.

गोकसंग हा दक्षिण कोरियातला खराखुरा डोंगराळ भाग. शीर्षकात मात्र त्याच उच्चाराची दुसरी चिनी अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ रडण्याचा आवाज. तिथल्या गावात घरामागून घरात खून पडतात. मारणारा घरातलाच, अंगभर पुरळ, नजर हरवलेली. तपासात कारण निघतं विषारी रानअळंबीचं. गाव म्हणतं, डोंगरात राहायला आलेला तो जपानी माणूसच. १९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केलं. बोट तिकडे सहज वळतं. पोलीस जोंग-गू आधी हसण्यावारी नेतो. मग तेच पुरळ त्याच्या मुलीच्या अंगावर उठतं.

परक्याच्या घरात मेलेल्यांचे फोटो सापडतात, मुलीचा बूट सापडतो. आता बघा, पुरावा आहे. पण कशाचा? हा प्रश्न जोंग-गू विचारतच नाही. न्यायशास्त्रात संशय म्हणजे मनाचं दोन बाजूंत हेलकावणं. त्यातून शोध सुरू होतो. याचं मन हेलकावत नाही, भीतीने ते केव्हाच ठरलेलं आहे.

आणि गंमत अशी, की गावाचा अंदाज बहुधा बरोबरच होता. शेवटी गुहेत तो माणूस सैतानाच्या रूपात दिसतो. मग बिघडलं कुठे?

प्लेटोने 'मेनो' या संवादात म्हटलंय, की खरं मतही कारणांनी बांधून ठेवलं नाही तर पळून जातं. इथे ते एका फोनने पळतं. मांत्रिक इल-ग्वांग सांगतो, 'तो नव्हे, ती पांढऱ्या कपड्यातली बाईच भूत आहे.' ती बाई सांगते, 'कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरी जाऊ नकोस.' दोघांपैकी आप्त कोण? ठरवायला जोंग-गूजवळ काहीच नाही. तिच्यापाशी मुलीची केसांची पिन दिसते आणि तिसऱ्या आरवण्याआधीच तो घराकडे धावतो. तोवर घर संपलेलं असतं. पुढे त्या मांत्रिकाच्या पेटीतूनही मेलेल्यांचे फोटो सांडतात.

त्याच्या जागी आपण असतो तर? पोर मरणाच्या दारात असताना शांतपणे पुरावा तोलायला कुणाला जमेल? म्हणून मी त्याला मूर्ख म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की 'हे मला कशावरून ठाऊक?' ही सवय संकटाआधीच लावून घ्यावी लागते. ऐनवेळी ती लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.