साखर हलू न देता इन्सुलिनचे मोजमाप

इन्सुलिन टोचले की रक्तातील साखर उतरते. पण एखाद्या इन्सुलिनचा जोर किती, त्याचा अंमल कधी चढतो आणि किती तास टिकतो, हे साखर किती उतरली यावरून ठरवता येत नाही. साखर फार खाली जाऊ लागली की शरीर स्वस्थ बसत नाही. ग्लुकॅगॉन आणि ॲड्रिनलिन स्रवतात, यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडते. मग औषधाचा परिणाम कोणता आणि शरीराचा प्रतिकार कोणता, हे वेगळे काढणे अवघड होते.

संशोधकांनी यावर काढलेला तोडगा उफराटा आहे: साखर उतरूच द्यायची नाही. ‘ग्लुकोज क्लॅम्प’ नावाची ही पद्धत अमेरिकेतील रूबिन अँड्रेस यांनी विकसित केली. राल्फ डीफ्रॉन्झो आणि जॉर्डन टोबिन यांच्यासह त्यांनी 1979 मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. झिरपणाऱ्या माठात पातळी कायम ठेवण्यासाठी जेवढे पाणी ओतावे लागते तेवढेच झिरपलेले असते, हिशेब तोच.

चाचणीच्या वेळी उपाशीपोटी झोपलेल्या व्यक्तीच्या एका हाताच्या शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडतात. त्याच्या जोडीला 20 टक्के ग्लुकोजचे द्रावण चालू असते. दुसऱ्या हाताचा पंजा उबदार पेटीत ठेवतात. उबेमुळे तिथल्या शिरेतले रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळपास जाते आणि साखरेचा आकडा भरवशाचा मिळतो. दर 5 मिनिटांनी नमुना घ्यायचा, साखर 100 मिलिलिटरमागे सुमारे 90 मिलिग्रॅमच्या आसपास राहील अशा बेताने ग्लुकोजचा वेग कमी-जास्त करायचा, असा क्रम साधारण 2 तास चालतो. आकडा स्थिरावल्यावर ग्लुकोजचा जो वेग लागतो, तेच उत्तर. ज्याला कमी ग्लुकोज पुरते, त्याचे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणजे इन्सुलिन-प्रतिरोध अधिक.

दोन तासांचे काम माणूस हाताने करू शकतो. पण याच पद्धतीने एखादे इन्सुलिन पारखायचे, तर दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची परीक्षा 24 तास किंवा त्याहून जास्त चालते. इतका वेळ दर काही मिनिटांनी निर्णय घेताना हात थकतो. शिवाय कोणते औषध चालू आहे याचा अंदाज आला, तर नकळत झुकते मापही पडू शकते. इथे संगणकाची गरज लागते.

टोरांटोत मायकेल अल्बिसर यांच्या गटाने आणि जर्मनीतील उल्म येथे अर्न्स्ट फायफर यांच्या गटाने 1974 च्या सुमारास खाटेशेजारी ठेवायची संगणकचलित ‘कृत्रिम स्वादुपिंडे’ तयार केली. पुढे अमेरिकेतील माइल्स लॅबोरेटरीजने ‘बायोस्टेटर’ बाजारात आणले. ते दुहेरी नळीतून थेंबथेंब रक्त ओढून घेई. ते गोठू नये म्हणून नळीच्या टोकाशीच त्यात हेपॅरिन मिसळले जाई. ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमच्या संवेदकाने साखर मोजली जाई आणि त्यानुसार संगणक इन्सुलिन आणि ग्लुकोजचे पंप चालवी. बायोस्टेटरचे उत्पादन कधीच थांबले; पण त्याचा वारसा पुढे चालला. जर्मनीतील नॉइस येथील ‘प्रोफिल’ संस्थेने ‘क्लॅम्पआर्ट’ हे यंत्र बनवले. ते ग्लुकोजचा वेग दर मिनिटाला नव्याने ठरवते.

या चाचण्यांतून मिळतो एक आलेख: आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर ग्लुकोजचा वेग. त्यावरून अंमल कधी सुरू झाला, कळस केव्हा गाठला, कधी ओसरला हे दिसते. मूळ इन्सुलिनसारखेच म्हणून येणाऱ्या बायोसिमिलर औषधांनाही युरोपात प्रामुख्याने याच कसोटीवर उतरावे लागते. बंगळुरूच्या बायोकॉनशी निगडित ग्लार्जिन इन्सुलिनचीही मूळ औषधाशी अशीच क्लॅम्प-तुलना झाली.

क्लॅम्पला मर्यादा आहेत. खाटेवर निजलेल्या उपाशी माणसाच्या आकड्यांवरून जेवण, धावपळ आणि ताप यांचा अंदाज येत नाही. त्यासाठी मोठ्या आणि लांबवर चालणाऱ्या चाचण्याच हव्यात. पण इन्सुलिनच्या माहितीपत्रकात अंमलाचे जे तास छापलेले असतात, त्यांमागे बहुधा अशीच रात्रभर चाललेली मोजणी असते.