दूरस्थ कार्य-आवाहन : वेगाच्या तुलनेचे निकष

आज्ञावलीतील एखादे कार्य प्रत्यक्षात दुसऱ्या संगणकावर असले, तरी ते जणू आपल्याच संगणकावर आहे अशा रीतीने त्यास बोलावण्याची जी व्यवस्था, तिला रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजेच दूरस्थ कार्य-आवाहन, असे म्हणतात. जीआरपीसी, थ्रिफ्ट इत्यादी अनेक प्रणाली आज या क्षेत्रात परस्परांशी स्पर्धा करीत आहेत. त्यांपैकी कोणती अधिक जलद, हा प्रश्न वरवर पाहता सरळ वाटतो; परंतु मापनाच्या अटी सांगितल्याखेरीज त्यास काहीच अर्थ उरत नाही.

आवाहनास लागणाऱ्या वेळाचे चार घटक मानता येतील : मूल्यांची संदेशात बांधणी व पलीकडे उलगडणी, दोन्ही संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिममधील देवघेव, जाळ्यातील प्रवास आणि प्रत्यक्ष कार्य. यांपैकी पहिला घटक सर्वस्वी प्रणालीच्या हाती असतो, दुसरा अंशतः. उरलेले दोन तिच्या कक्षेबाहेरचे होत. म्हणूनच संशोधक प्रथम ‘रिक्त आवाहन’ मोजतात. त्यात मूल्ये नसतात, कार्यही नसते; उरतो तो केवळ व्यवस्थेचा भार.

बिरेल व नेल्सन यांनी १९८४ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रातील सीडर प्रणालीचे मापन प्रसिद्ध केले. तीत रिक्त आवाहनास १,०९७ मायक्रोसेकंद लागत. पैकी तारेवरील प्रेषणाचे अवघे १३१. तेच कार्य स्थानिक रीतीने बोलावल्यास ९ मायक्रोसेकंद पुरत. पुढे श्रोडर व बरोज यांनी फायरफ्लाय संगणकांवर मोजलेल्या रिक्त आवाहनास २.६६ मिलिसेकंद, म्हणजे २,६६० मायक्रोसेकंद लागले. सीडरचे जाळे सेकंदास ३० लाख बिटांचे, तर फायरफ्लायचे १ कोटी बिटांचे होते. जाळे तिपटीहून वेगवान असूनही आवाहनास जवळजवळ अडीचपट वेळ लागला! यावरून फायरफ्लायची रचना निकृष्ट होती असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. सीडर डोराडो या बलवान संगणकावर चाले आणि तिची संदेशसंहिता आवाहनासाठीच खास रचलेली होती. फायरफ्लायचे प्रोसेसर तुलनेने मंद होते. शिवाय तेथे यूडीपी ही सर्वसामान्य संहिता वापरून संदेशाची पडताळणी सॉफ्टवेअरद्वारे केली जात असे. दोन आकडे शेजारी मांडल्याने तुलना होत नाही, ती अटी समान केल्याने होते. आजही एका प्रणालीचे संदेश सांकेतिक करून व दुसरीचे उघडे पाठवून केलेल्या मापनात हाच दोष संभवतो.

दुसरा प्रश्न स्थानाचा. आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव असलेल्या, पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथून नवी मुंबईतील एखाद्या विदाकेंद्राकडे आवाहन जाते, अशी कल्पना करू या. तंतूचा मार्ग १०० किलोमीटर धरला आणि काचेतील प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर मानला, तर केवळ जाण्यायेण्यासच १,००० मायक्रोसेकंद जातील. एका प्रणालीचा भार २० व दुसरीचा ६० मायक्रोसेकंद असल्यास एकूण वेळ अनुक्रमे १,०२० व १,०६० होईल. फरक जेमतेम चार टक्क्यांचा. मोबाईलचा रेडिओ-टप्पा मध्ये आल्यास तोही जाणवणार नाही. उलट, त्याच केंद्रात २०० मीटर अंतरावरील दोन संगणकांत प्रवासास २ मायक्रोसेकंदच लागतील. तेथे २२ व ६२ असा जवळजवळ तिपटीचा फरक पडेल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ईआरपीसी प्रणालीने २.३ मायक्रोसेकंदांचा मध्यक नोंदविला, त्याचे महत्त्व अशाच निकटच्या आवाहनांत आहे. गागोद्याच्या वापरकर्त्यास मात्र वेगवान प्रणालीपेक्षा आवाहनांची संख्या घटविणारी रचना अधिक उपकारक होय : एकामागून एक दहा आवाहने करण्याऐवजी एकच केल्यास प्रवासातील नऊ मिलिसेकंद वाचतात.

तिसरा प्रश्न सरासरीचा. डीन व बारोसो यांनी २०१३ साली दाखविल्याप्रमाणे, शंभरातील एकच आवाहन मंद असले, तरी ज्या विनंतीसाठी शंभर संगणकांकडे एकाच वेळी आवाहने करावी लागतात, तिला निदान एक मंद उत्तर मिळण्याचा संभव ६३ टक्के असतो. अशा वेळी उत्तम सरासरीची परंतु अनियमित प्रणाली ही थोड्या मंद पण नियमित प्रणालीहून वाईट ठरते.

सारांश, प्रणालींची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने संगणक, जाळे, संदेशाचा आकार, समकालीन आवाहनांची संख्या व सुरक्षेची व्यवस्था या अटी प्रथम नमूद कराव्यात, आणि मध्यकाबरोबरच शंभरातील सर्वांत मंद आवाहनाचा वेळही द्यावा. वेग हा प्रणालीचा एकटीचा गुण नव्हे; तिच्यावर पडणारा भार आणि आवाहनाने कापावयाचे अंतर यांच्या संदर्भातच तो निश्चित होतो.