दुसरं विमान दिसतं कसं?

लोह्यातून वर पाहिलं की आभाळ रिकामंच भासतं. नांदेडच्या धावपट्टीवरही दिवसाकाठी मोजकीच विमानं उतरतात. त्यामुळे एक समजूत सहज रुजते: एवढ्या आभाळात दोन विमानं एकमेकांच्या आड येतीलच कशाला? आणि आलीच, तर वैमानिकाला काचेतून दिसेल, नाहीतर टॉवर सांगेल. पण आभाळ कितीही मोठं असलं तरी सगळ्यांना उतरायचं असतं एकाच धावपट्टीवर. माळेगावच्या यात्रेला चारी दिशांनी माणसं येतात, पण दाटी होते ती खंडोबाच्या दारात, तसंच हे. छोट्या विमानांच्या हवेतल्या टकरींपैकी बहुतेक विमानतळाच्या आसपास, भर दिवसा, स्वच्छ हवेत झालेल्या आहेत.

‘दिसेलच’ हा यातला सर्वांत चिवट गैरसमज. बाजूनं जाणारं विमान काचेवर सरकतं, म्हणून लक्ष वेधून घेतं. जे आपल्यावर येऊन आदळणार असतं ते मात्र काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत भसकन मोठं होतं. त्यात माणसाची नजर मधल्या एक-दोन अंशांतच धारदार असते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी. म्हणून शिकाऊ वैमानिकाला बजावतात की मान भराभर फिरवू नकोस. दहा अंशांचा तुकडा घे, क्षणभर थांब, मग पुढचा घे. समोरचं विमान दिसल्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद जातात, असं अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. तेवढ्या वेळात नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

मग वैमानिक बाकीच्यांचा माग ठेवतो कसा? आधी कानानं. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी शिकाऊ विमानं धावपट्टीभोवती ठरलेला चौकोन घालतात, त्याला सर्किट म्हणतात. रेडिओवर कुणी ‘डाउनविंड’ म्हणालं की ऐकणाऱ्याला कळतं, ते विमान धावपट्टीला समांतर, उतरायच्या उलट दिशेनं, साधारण हजार फुटांवर आहे. मग नजर आभाळभर भिरभिरत नाही, त्या एका पट्ट्यात जाते. आपल्यापुढे कोण, मागे कोण, हा क्रम डोक्यात पक्का असला तरच डोळे कामाचे.

यावर कुणी म्हणेल, टॉवर आणि रडार असताना हा व्याप कशाला? १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीच्या आभाळात झालेली दोन विमानांची टक्कर याचं कठोर उत्तर आहे. दिल्लीच्या नियंत्रकानं कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, समोरून सौदीचं बोइंग ७४७ येत असल्याचंही सांगितलं होतं. तरी ते विमान खाली उतरत गेलं आणि दोन्ही विमानांतले सगळे ३४९ जण गेले. माहिती पोचली होती. ती उडवणाऱ्यांच्या डोक्यात उतरली नाही. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा, विमान उडवणारा वेगळा, इंग्रजी कच्चं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंचीही दिसत नव्हती. त्यानंतर भारतात टक्कर टाळण्याची इशारा-यंत्रणा सक्तीची झाली, ते योग्यच झालं.

पण म्हणून आता यंत्रच सांभाळेल, असं मानणं हा नवा गैरसमज आहे. समोरच्या विमानातला ट्रान्सपाँडर, म्हणजे रेडिओनं त्याची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र, बंद असेल, तर ही यंत्रणा त्याला पाहूच शकत नाही. शिवाय जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली ती ‘वर जा, खाली जा’ असे आदेश देणं थांबवते, म्हणजे दाटी सर्वांत जास्त असते नेमकी तिथेच. शिकाऊ विमानांत ती बहुधा नसतेच. त्यांतल्या सेसना १७२ चे पंख तर डोक्यावर असतात. वळताना आतला पंख झुकतो आणि ज्या बाजूला वळायचं तीच बाजू झाकतो. म्हणून शेवटच्या वळणाआधी वैमानिक थोडा पुढे झुकतो, दोन्हीकडे पाहतो, लांबून सरळ धावपट्टीवर येणारं कुणी नाही ना याची खात्री करतो, आणि मगच पंख कलता करतो.